काचेचं पोट

बन्सीची ओळख करून द्यायची तर आधी त्याची उभं राहण्याची तऱ्हा सांगितली पाहिजे. काच बसवून झाली की तो तीन पावलं मागं यायचा, हात पाठीमागं बांधायचा आणि गुडघ्यांत थोडं वाकून, थोडं उठून काचेतून पलीकडं बघत राहायचा. आमच्या वरवंडमध्ये त्याला पहिल्यांदा असं पाहिलं तेव्हा माऊली हॉटेलवाल्याला वाटलं, गड्याची कंबर धरली. त्यानं खरंच आतून बामची बाटली आणून दिली. बन्सीनं ती घेतली, खिशात घातली आणि सांगितलं की ही क्यूसी आहे. क्यूसी म्हणजे मालाची तपासणी हे माऊलीला कळलं नाही, पण बाटली परत मिळाली नाही हे त्याच्या अजून लक्षात आहे.

बन्सी मूळचा वढू बुद्रुकचा, राहायला दौंडला. दहावीनंतर तो शिरूरकडच्या एका काच कारखान्यात चिकटला आणि तेवीस वर्षं दुहेरी काचा सील करत राहिला. दोन काचा, मध्ये बोटभर पोकळी, पोकळीत गॅस आणि चारी कडा बंद. गरमी आणि आवाज दोन्ही बाहेर राहतात. पुढं कारखान्यानं तो विभागच बंद केला, तेव्हा बन्सीनं स्वतःची कामं घ्यायला सुरुवात केली. एवढ्या वर्षांत त्याच्या हातची एकही काच परत आली नव्हती. हे तो न विचारता सांगायचा, आणि चहा पाजणाऱ्याला दोनदा सांगायचा. परत आलेल्या काचेला कारखान्यात रिजेक्ट म्हणतात. हा शब्द बन्सी उच्चारत नसे. काही लोक सापाचं नाव घेत नाहीत, तसं. प्रत्येकाला मिरवायला काहीतरी लागतं. कुणी जमीन मिरवतं, कुणी जावई मिरवतं. बन्सीकडं मिरवायला एवढंच होतं.

मी स्वतः फोटोवाला. स्टॅण्डसमोर माझा स्टुडिओ आहे, बायकोच्या नावानं, प्रतिभा फोटो. आता फोटोपेक्षा फ्लेक्सच जास्त होतात. बन्सीचा आणि माझा धंदा तसा एकमेकांच्या उलटा. तो सरळ आहे ते सरळ दिसावं म्हणून मरायचा, आणि मी वाकडं आहे ते सरळ दाखवून पोट भरतो. गावातल्या एकाही पुढाऱ्याची हनुवटी मी जशी आहे तशी छापलेली नाही.

त्यातले माझे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक म्हणजे बापूसाहेब. चाळीस एकर ऊस, सोसायटीची चेअरमनकी आणि या दोन्हींच्या पुढं चालणारं पोट. बापूसाहेब गल्लीत वळायच्या आधी पोट वळतं, असं गावात म्हणतात, अर्थात बापूसाहेब गल्लीत नसताना. वर्षाला त्यांचे वीस-बावीस फ्लेक्स लागतात. वाढदिवस, नेमणूक, अभिनंदन, आणि ज्याचं अभिनंदन करायचं तो सापडला नाही तर नुसत्याच शुभेच्छा.

बापूसाहेबांनी हायवेला लागून बंगला बांधला तेव्हा त्यांना समोर एक अशी खिडकी हवी होती की हायवेच्या ट्रकांचा आणि उसाच्या ट्रॅक्टरवरल्या गाण्यांचा आवाज आत येऊ नये. शिवाय आतून सगळा रस्ता दिसावा आणि बाहेरून आतलं काहीच दिसू नये. कोण कुणाच्या गाडीत बसून कुठं जातो यावर नजर ठेवायची तर हे सोयीचं. म्हणून बाहेरून आरशासारखी दिसणारी दुहेरी काच ठरली. काम बन्सीला मिळालं.

राहू गावात बापूसाहेबांचे व्याही आहेत, त्यांच्या खिडकीची काच सहा फुटांची. तेव्हा बापूसाहेबांना आठ फुटांची हवी होती, अखंड, आडवी. बन्सीनं सांगून पाहिलं की एवढी मोठी काच घ्यायची तर जाडी वाढवा, नाही तर मधून दोन भाग करा, नुसती मोठी आणि पातळ घेतली तर उन्हात ती हालचाल करते. बापूसाहेब म्हणाले, हालचाल करणारी माणसं आम्ही सरळ केली, काचेचं काय घेऊन बसलास. बन्सीनं वहीत आठ फुटांचं माप लिहून घेतलं. दुसऱ्या एका कारखान्यातून काच सील करून आली ती जानेवारीतल्या थंडीत. बन्सीनं ती बसवली, तीन पावलं मागं आला, गुडघ्यांत वाकला, उठला आणि ओके म्हणाला.

वास्तुशांत एप्रिलमध्ये झाली. तीन गावं जेवायला होती. बन्सीलाही निरोप होता, आणि तो आला तेव्हा त्याला मांडवाच्या कडेला खुर्ची दिली आणि कागदी कपात चहा दिला. चहा सगळ्यांनाच कागदी कपात होता. कागदी कप निघाल्यापासून आमच्या गावाची एक मोठी अडचण सुटली आहे. आता कुणाला कोणता कप द्यायचा हा प्रश्नच येत नाही, आणि आम्ही किती सुधारलो हे भाषणात सांगता येतं.

दुपारी एकच्या सुमाराला पंगत उठली. हात धुवायचे नळ नेमके खिडकीसमोर पंधरा-वीस फुटांवर होते. लोकांनी मान वर केली आणि काचेत त्यांना आपापली रूपं दिसली. सगळेच बुटके आणि आडवे. एका पैलवानाचं पिंप झालं होतं. राहूच्या व्याह्यांनी काचेत बघितलं, मग शेजारी उभ्या बापूसाहेबांकडं बघितलं, मग पुन्हा काचेत बघितलं. काचेतल्या बापूसाहेबांचं पोट मांडवाच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पोचलं होतं. व्याही अतिशय गंभीर चेहऱ्यानं म्हणाले की सहा फुटांच्या काचेत असं होत नाही.

बन्सीला बोलावणं गेलं. तो आला, तीन पावलं मागं सरकला, हात पाठीमागं बांधून त्यानं वाकून बघितलं. सगळा मांडव कान देऊन उभा होता.

"पोट आलंय," बन्सी म्हणाला. "गॅसमुळं. उन्हं उतरली की बसंल."

तो काचेबद्दल बोलत होता. भिंत फुगली की गवंडी भिंतीला पोट आलं म्हणतात, तसं काच फुगली की काचवाले काचेला पोट आलं म्हणतात. आतला गॅस थंडीत भरलेला, उन्हात तो पसरतो आणि काच बाहेर फुगते. हे सगळं त्यानं पुढं नीट समजावून सांगितलं, पण ते ऐकायला कुणी शुद्धीवर नव्हतं. माणसं तोंडाला टॉवेल लावून नळाकडं पळाली. मारुतरावांना, म्हणजे बापूसाहेबांच्या सख्ख्या चुलतभावाला, एवढा ठसका लागला की त्यांच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या. बापूसाहेबांनी एक हात पोटावर ठेवला आणि लगेच काढून घेतला.

त्या दिवसापासून गावाला एक करमणूक मिळाली. गारव्यानं काच आत बसायची, त्यामुळं भल्या सकाळी तिच्यात माणसं उंच आणि सडपातळ दिसायची. दुपारी तीच माणसं बुटकी व्हायची. लग्न न जुळणारी चार-पाच पोरं सकाळी साडेसहाला तिथं उभी राहून मोबाइलवर स्वतःचे फोटो काढायला लागली. एकानं तर तो फोटो बायोडाट्यासाठी मोठा करायला माझ्याकडं आणला आणि मी करून दिला. बायका दळण घेऊन जाताना तिथं पदर नीट करत. एसटीची वाट बघणारे भांग पाडत. दीड महिन्यात त्या काचेचा आरसा असा झाला की ती मुळात खिडकी आहे हे सगळं गाव विसरून गेलं. बापूसाहेब दिवसभर सोसायटीत असायचे, त्यामुळं त्यांनाही त्याची आठवण करून द्यायला वेळ नव्हता.

पण बन्सीचं वाक्य कुणी विसरलं नाही. बापूसाहेब सभेत उठून उभे राहिले की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, उन्हं उतरली की बसतील. सोसायटीची निवडणूक तोंडावर आली होती. चेअरमन माणसाला शिव्या चालतात, शिव्यांनी मतं हलत नाहीत. हसण्यानं हलतात. बापूसाहेबांना हे कळत होतं. सगळा दोष काचेवर ढकलल्याशिवाय सुटका नव्हती, आणि काच वाईट आहे हे काच बसवणाऱ्यानंच सांगायला हवं होतं.

मी फ्लेक्स द्यायला गेलो होतो तेव्हाच त्यांनी बन्सीला बोलावून घेतलं होतं. पोर्चमध्ये बापूसाहेब खुर्चीवर आणि बन्सी पायरीपाशी.

"चार माणसांत सांगायचं, काच रिजेक्ट हाय म्हणून," बापूसाहेब म्हणाले. "माल खराब निघाला, माझी चूक झाली, एवढंच. न्हाई सांगितलंस तर वरवंडपासून राहूपर्यंत तुला कुणी खिडकीला हात लावू देणार न्हाई. माझं काय जात न्हाई, तू बघ."

बन्सीनं आठ दिवस मागून घेतले. त्याची बायको भागुबाई दौंडला एका दवाखान्यात आयाचं काम करते. तिचं म्हणणं साधं होतं. तीन अक्षरं आहेत, टाका म्हणून, तुमच्या तोंडाला काय फोड येणार आहे का. तिचं बरोबरच होतं. त्याची निम्मी कामं याच पट्ट्यात होती. मी तिच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. मी माझ्या जागी असूनही हेच म्हणत होतो, फक्त बन्सीसमोर नाही.

ठरल्या दिवशी बन्सी आधी माझ्या स्टुडिओत आला. मे महिना संपत आला होता, दुपारचे दोन वाजत होते. त्यानं पाणी प्यायलं आणि सांगितलं की तो म्हणून टाकणार आहे. फक्त म्हणायच्या आधी बापूसाहेबांना एकदा आत नेऊन क्यूसी करून दाखवणार. काच तपासायची रीत म्हणजे तिच्यातून पलीकडं बघायचं. वरचं प्रतिबिंब हलतं, त्यावरून काच कुणी परत पाठवत नाही. पलीकडचं सरळ दिसलं की झालं. बघून झाल्यावर बापूसाहेब काय म्हणतील ते म्हणोत.

"तुम्ही फोटोवालं, आण्णा," तो म्हणाला. "तुम्हाला तरी कळतं ना काच चांगली हाय?"

मी म्हणालो, कळतं की. न कळायला काय झालं. माझं अर्धं आयुष्य भिंगात बघण्यात गेलं आहे. हे ऐकून त्याला इतकं बरं वाटलं की त्याचा चेहरा उजळला, आणि मला आपण मोठं काहीतरी केलं असं वाटलं.

चार माणसं म्हणजे मारुतराव, माऊली हॉटेलवाला, बापूसाहेबांचा डिप्लोमा झालेला मुलगा पप्पू आणि मी. आम्ही खिडकीसमोर नळांपाशी उभे राहिलो. काच टम्म फुगली होती. बन्सीनं बापूसाहेबांना हळू आवाजात काहीतरी सांगितलं आणि म्हणाला, पाच मिनिटं आत चला. मालकालाच त्याच्या घरात चला म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. बापूसाहेबांनाही ते नवीन असावं, कारण ते मुकाट्यानं गेले. दार लागलं.

आम्ही चौघं उन्हात उभे, समोर ती काच, आणि तिच्यात आम्ही चौघं बुटके. बाकीच्यांना वाटलं, ते दोघं आतल्या खोलीत बसून तडजोड करत असतील, आणि बन्सीनं मला सांगितलेली क्यूसी त्या वेळी माझ्याही डोक्यात राहिली नाही. मारुतरावांनी आधी सुरुवात केली. त्यांनी पोट पुढं काढलं, हात कमरेच्या मागं टेकला आणि सोसायटीच्या सभेत बापूसाहेब जसं बोट नाचवतात तसं नाचवलं. काचेत ते इतकं जमलं की माऊली खालीच बसला. मग माऊली उठला आणि त्यानं बापूसाहेब गाडीतून उतरताना कसे आधी एक पाय, मग पोट, मग दुसरा पाय काढतात ते करून दाखवलं. पप्पू, पोटचा पोरगा, आधी नुसता हसत होता. मग त्याच्यानं राहवेना. त्यानं बापाची चाल काढली, दोन्ही पाय फाकून, दर चार पावलांना पँट वर ओढत, आणि ती आमच्या सगळ्यांत चांगली होती, घरातला माणूस असल्यामुळं.

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्याकडं जे होतं ते त्यांच्यापैकी कुणाकडंच नव्हतं. बापूसाहेब फ्लेक्ससाठी येतात तेव्हा स्टुडिओचं दार लावून घेतात, माझ्या खांद्यावर हात ठेवतात, स्क्रीनवरच्या स्वतःच्या पोटावर बोट ठेवून अगदी लहान मुलासारखा चेहरा करतात आणि म्हणतात की इथनं जरा कमी कर. वीस वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी ते करून दाखवलं. तो चेहरा, ते बोट, सगळं. मारुतरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

दार उघडलं. बापूसाहेब बाहेर आले. त्यांनी आमच्याकडं बघितलं, म्हणजे एकेकाकडं थांबून बघितलं, आणि तेव्हा मला आठवलं की ती खिडकी आहे.

पप्पूनं मोबाइल काढून उगाच त्यात बघायला सुरुवात केली. बापूसाहेबांचा चेहरा रागावलेला असता तर बरं झालं असतं. तो स्टुडिओतला चेहरा होता. पण ते चेअरमन होते. दोन-तीन क्षणांत त्यांनी तो आवरला, घसा खाकरला आणि त्यांच्यापुढं दोनच वाटा उरल्या. काच चांगली आहे म्हणायचं तर आतून काय काय सरळ दिसलं तेही कबूल करायचं. दुसरी वाट सोपी होती.

"आतनं बी वाकडंच दिसतं," ते म्हणाले. "समदंच वाकडं. बोला, तुमचं काय म्हणणं हाय?"

आमच्यापैकी एकही जण आत गेला नव्हता, काचेतून कुणी बघितलं नव्हतं. मारुतराव म्हणाले, रिजेक्ट. माऊली म्हणाला, रिजेक्टच. पप्पू मोबाइलमध्ये बघतच म्हणाला की फॉल्टी पीस आहे. मग माझी पाळी आली. बन्सी दारात उभा होता. तो बापूसाहेबांकडं बघत नव्हता, मारुतरावांकडं बघत नव्हता. माझ्याकडं बघत होता. त्या एका क्षणात मला सगळं स्पष्ट कळत होतं. काच चांगली आहे हे कळत होतं, आपण आत्ता काय केलं हे कळत होतं, आणि बापूसाहेब माझे वर्षाचे बावीस फ्लेक्स आहेत हेही कळत होतं.

मी म्हणालो, "रिजेक्ट."

बापूसाहेबांनी बन्सीकडं मान वळवली. आता त्यानं म्हणायचं होतं. तो म्हणूनच आला होता, घरून ठरवून आला होता. त्यानं आपली मापाची टेप उचलून खिशात घातली.

"मी म्हणत न्हाई," बन्सी म्हणाला. "तुम्ही बघितलंय."

आणि तो पायऱ्या उतरून गाडीला किक मारून निघून गेला. त्याच्यामागं मारुतराव म्हणाले की या लोकांना माज फार आलाय. कुणी त्यांना काही बोललं नाही. मीही नाही.

पुढं बापूसाहेब बोलले तसंच झालं. वरवंड, राहू, मधली सगळी गावं, बन्सीला एक खिडकी मिळाली नाही. खिडकीला पोट येतं ते काढायचं म्हणून पप्पूनं डिप्लोमाच्या जोरावर काचेच्या कडेच्या सीलला बारीक भोक पाडलं. गॅस गेला, पोट बसलं, आणि पावसाळा लागताच त्या भोकातून दमट हवा आत जाऊन दोन काचांच्या मध्ये धुकं धरलं. ते आतून पुसता येत नाही आणि बाहेरूनही पुसता येत नाही. बापूसाहेबांनी काच बदलली नाही. त्यांनी मला बोलावलं आणि काचेच्या मापाचा, आठ फुटी आडवा फ्लेक्स सांगितला, त्यांचाच, हात जोडलेला. तो काचेवर लावायचा होता. या वेळी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही आणि कुठं कमी करायचं तेही सांगितलं नाही. मी माझ्या मनानं कमी केलं. आता त्या खोलीत दिवसा दिवा लावावा लागतो. सोसायटीत ते पुन्हा चेअरमन झाले.

दिवाळीनंतर मी एका लग्नाच्या ऑर्डरसाठी शिरूरला गेलो तेव्हा एका नव्या दवाखान्याच्या इमारतीत बन्सी दिसला. दौंडपासून शिरूरपर्यंत तो आता रोज गाडीवर येतो. जरा वाळला होता. मी तोंड चुकवणार होतो, पण त्यानं हाक मारली, चहा मागवला, भागुबाईच्या गुडघेदुखीचं सांगितलं. त्या दिवसाबद्दल मी विचारलं नाही. त्यानंच सांगितलं की बापूसाहेब आत गेल्यावर अगदी रीतीनं तीन पावलं मागं उभे राहिले होते, हात पाठीमागं बांधून. त्यानं विचारलं होतं, सरळ दिसतंय का, आणि ते म्हणाले होते, दिसतंय. दोनदा म्हणाले होते. मग तो मला म्हणाला की आण्णा, तुम्ही त्यांना लई हुबेहूब करता. त्यात टोमणा नव्हता. कारागीर कारागिराला म्हणतो तसं तो म्हणाला, आणि म्हणून मला जास्त लाज वाटली.

उठताना त्यानं नुकतीच बसवलेली एक काच दाखवली आणि बघून सांगा म्हणाला. मी तीन पावलं मागं गेलो, हात पाठीमागं बांधले, गुडघ्यांत वाकलो. पलीकडचा विजेचा खांब सरळ होता, गेट सरळ होतं, गेटपाशी उभी असलेली म्हातारी सरळ होती. मी म्हणालो, काच एकदम ओके आहे.

"हे चार माणसांत म्हणाल का?" बन्सीनं विचारलं.

तिथं आम्ही दोघंच होतो, त्यामुळं मी लगेच हो म्हणालो.